व्यावसायिक लेख निवडक लेखांत कसा पोहोचवावा: विषय ठरवण्यापासून प्रसिद्धीनंतरच्या दुरुस्त्यांपर्यंत

आपल्या क्षेत्रातील सहकाऱ्यांसाठी लिहिलेला लेख व्यावसायिक संघटनेच्या संपादकांकडे जातो, पोच मिळते आणि पुढे काहीच घडत नाही. किंवा लेख प्रसिद्ध होतो, पण निवडक लेखांत, म्हणजे संपादक वाचकांपुढे खास निवडून ठेवतात त्या मोजक्या लेखांत, त्याला स्थान मिळत नाही. विषय कमी पडला किंवा ओळख कमी पडली, असे लेखक समजतो. अशा लेखांची पहिली चाळणी मी काही वर्षे केली आहे आणि माझे मत वेगळे आहे. मागे पडणाऱ्या बहुतेक लेखांत ज्ञान पुरेसे असते. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. आधी लेख लिहून होतो, मग तो कोणाला पाठवावा याचा विचार होतो, शीर्षक घाईत सुचते आणि परवानगीची आठवण सर्वांत शेवटी येते. खालील टप्पे मुद्दाम वेगळ्या क्रमाने लावले आहेत आणि ते त्याच क्रमाने पार पाडावेत.

## १. निवडीची कसोटी शोधून काढणे

लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यात हे उघड आहे, परंतु त्यांत बहुधा शब्दमर्यादा, फाइलचा प्रकार आणि मुदत एवढेच असते. निवड कशावर होते, हे आधी निवडल्या गेलेल्या लेखांवरून ताडावे लागते. त्यासाठी अलीकडचे दहा निवडक लेख आणि त्याच काळातील न निवडलेले दहा लेख घ्यावेत आणि प्रत्येकापुढे पाच रकाने भरावेत: लेख कोणत्या कामातील वाचकासाठी आहे, तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, पुरावा कोणत्या प्रकारचा आहे, लांबी किती आहे आणि उत्तर पहिल्या परिच्छेदात आले आहे की नाही. ज्या रकान्यांत दोन्ही गटांमध्ये फरक दिसतो, तेथे कसोटी शोधावी. केवळ निवडक लेखांची यादी पुरेशी नाही, कारण जो गुण सगळ्याच लेखांत आढळतो, त्यावरून निवड झाली असे म्हणता येत नाही.

तपासणी: ‘येथे असे लेख निवडले जातात, ज्यांत…’ हे वाक्य आपल्याला नेमक्या शब्दांत पूर्ण करता येते का? ‘चांगले लिहिलेले असतात’ असे उत्तर आले, तर तक्ता पुन्हा पाहावा.

## २. एका वाचकाचा एक प्रश्न ठरवणे

सर्वाधिक लेख येथे फसतात, म्हणून या टप्प्याला लेखनाइतकाच वेळ द्यावा.

विषय आणि प्रश्न यांत फरक आहे. ‘माहितीचा बॅकअप’ हा विषय झाला. त्यावर कितीही पाने लिहिता येतील आणि त्यांतील बरेचसे वाचकाला ठाऊक असेल. ‘आमच्याकडे बॅकअप रोज घेतला जातो, पण त्यातून माहिती खरोखर परत मिळते का हे कोणीच पाहिलेले नाही, चालू काम न थांबवता ती चाचणी एका दिवसात कशी करावी?’ हा प्रश्न झाला. यात वाचक दिसतो, त्याची अडचण दिसते, अट दिसते आणि लेख कोठे संपणार हेही दिसते. विषयावर लिहिलेल्या लेखाला शेवट नसतो, त्यामुळे तो शब्दमर्यादा संपेल तेथे संपतो. संपादकांच्या हे दोन पानांतच लक्षात येते.

लिहायला बसण्यापूर्वी पुढील वाक्य पूर्ण करून कागदावर डोळ्यांसमोर ठेवावे: ‘हा लेख वाचल्यावर अमुक काम करणारी व्यक्ती तमुक गोष्ट करू शकेल, जी तिला आज या कारणामुळे करता येत नाही.’ वरील उदाहरणात हे वाक्य असे होईल: ‘हा लेख वाचल्यावर लहान संस्थेत सर्व्हरची देखभाल एकट्याने करणारी व्यक्ती बॅकअपची प्रत्यक्ष चाचणी करू शकेल, जी तिला आज वेगळे यंत्र नसल्यामुळे आणि चालू काम बिघडण्याच्या भीतीमुळे करता येत नाही.’ वाक्याचा शेवटचा भाग, म्हणजे ‘या कारणामुळे’, बहुतेकांना भरता येत नाही. तो भरता येत नसेल, तर वाचकाची अडचण आपण कल्पनेने ठरवली आहे असे समजावे आणि तेच काम करणाऱ्या दोघा-तिघांशी बोलावे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकाच लेखात नवशिका आणि जाणकार अशा दोघांनाही सांभाळणे. नवशिक्यासाठी घातलेल्या व्याख्या जाणकाराला पहिल्या पानावरच कंटाळा आणतात आणि जाणकारासाठी घातलेले तपशील नवशिक्याला हरवून टाकतात. एकाची निवड करावी. ‘या लेखात अमुक गोष्ट ठाऊक असल्याचे गृहीत धरले आहे’ असे एक वाक्य लिहिले की दुसऱ्याची फसवणूक होत नाही.

त्यानंतर हाच प्रश्न त्या ठिकाणी यापूर्वी हाताळला गेला आहे का, हे शोधावे. तसा लेख सापडला म्हणून विषय सोडण्याचे कारण नाही. मात्र आपला लेख कोठे वेगळा आहे हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. आधीचा लेख मोठ्या संस्थेसाठी असेल आणि आपला लहान संस्थेसाठी, किंवा त्यातील पद्धत वापरताना आपल्याला विशिष्ट ठिकाणी अपयश आले असेल, तर ते पुरेसे वेगळेपण आहे. आधीच्या लेखाचा उल्लेख टाळू नये. संपादकांना तो आठवत असतो आणि आपण तो वाचलेला नाही असा समज होणे अधिक वाईट.

## ३. पुरावा आणि परवानगी

लेखनापूर्वीच ही दोन्ही कामे एकत्र करावीत, कारण परवानगी न मिळाल्याने पुरावा वगळावा लागला तर लेखाचा आकारच बदलतो. पूर्ण झालेल्या लेखातून मधले प्रकरण काढून घेणे म्हणजे भिंतीतून खालची वीट काढणे आहे.

पुराव्यासाठी सहा गोष्टी गोळा कराव्यात: काम सुरू करण्यापूर्वीची स्थिती, केलेला बदल, बदलानंतरची स्थिती, मोजणीचा कालावधी, मोजणीची पद्धत आणि जे जमले नाही ते. शेवटची गोष्ट लेखक बहुधा लपवतात. चाळणी करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र, लेखकाने काम स्वतः केले असल्याची ती सर्वांत विश्वासार्ह खूण असते. सर्व काही पहिल्याच प्रयत्नात जमले असे सांगणारा लेख वाचताना माझ्या मनात नेहमी शंका येते.

परवानगीसाठी आपल्या संस्थेकडे ‘एक लेख लिहितो आहे, चालेल का?’ असे मोघम विचारू नये. कोणते आकडे, कोणती चित्रे आणि कोणती घटना वापरणार आहोत याची यादी द्यावी आणि उत्तर लेखी घ्यावे. बैठकीत ऐकलेली माहिती वापरायची असेल, तर बैठक कोणत्या अटीवर झाली हे आधी पाहावे. उदाहरणार्थ, लंडनमधील चॅटम हाउस या संस्थेच्या, १९२७ सालापासून प्रचलित असलेल्या नियमानुसार घेतलेल्या बैठकीत मिळालेली माहिती वापरता येते, पण ती कोणी सांगितली, तो कोणत्या संस्थेचा आणि बैठकीला आणखी कोण होते, हे उघड करता येत नाही.

नाव काढून टाकले म्हणजे ओळख लपली, असे मानणे धोक्याचे आहे. एखाद्या छोट्या क्षेत्रात हुद्दा, वर्ष आणि घटनेचे स्वरूप या तीन गोष्टी एकत्र आल्या की जाणकार वाचक व्यक्ती ओळखतो. त्यामुळे या तिन्हींपैकी किमान एक तपशील ढोबळ करावा आणि तो तसा केला आहे, हे लेखात नमूद करावे. तपशील बदलून खोटा मात्र देऊ नये.

सावधान: पीडीएफमधील मजकुरावर काळी पट्टी काढली तरी खालचा मजकूर अनेकदा तसाच राहतो आणि निवडून नक्कल करता येतो. लेखन-प्रणालीत कापलेल्या चित्राचा झाकलेला भागही फाइलमध्ये शिल्लक असू शकतो. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात वेळ, उपकरण आणि कित्येकदा ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. गोपनीय भाग मूळ चित्रातूनच पुसावा, नवी प्रत साठवावी आणि तीच वापरावी.

## ४. मसुदा लिहिणे

पहिल्या परिच्छेदात चार गोष्टी याव्यात: वाचक कोण, अडचण कोणती, उत्तर काय आणि ते कोणत्या मर्यादेत खरे आहे. उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवण्याची सवय रहस्यकथेत शोभते. व्यावसायिक लेखात संपादक पहिला परिच्छेद वाचून पुढे जावे की नाही हे ठरवतो आणि वाचकही तसेच करतो. ‘आजच्या वेगवान युगात’ अशा वाक्याने सुरू होणारा परिच्छेद सरसकट काढून टाकावा. लेखाचे त्यामुळे कधी नुकसान झालेले मी पाहिलेले नाही.

पुढील मजकूर वाचक ज्या क्रमाने काम करेल त्या क्रमाने लावावा, आपण ते ज्या क्रमाने शिकलो त्या क्रमाने नव्हे. चाचणीसाठी वेगळी जागा लागते हे आपल्याला चौथ्या दिवशी कळले असेल, तरी लेखात ते तयारीच्या यादीत पहिले यायला हवे. ज्या पायरीवर चूक केल्यास मागे येता येत नाही, तिचा इशारा त्या पायरीच्या आधी द्यावा. ‘वरील आज्ञा देण्यापूर्वी प्रत काढून ठेवा’ हे वाक्य आज्ञेखाली छापलेले मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

आकड्यांबाबत तीन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे टक्के आणि टक्केवारीतील फरक यांची गल्लत. चुकांचे प्रमाण ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेले, तर वाढ २ टक्केबिंदूंची आहे, पण मूळ प्रमाणाच्या तुलनेत ती ५० टक्के आहे. दोन्ही विधाने खरी आहेत आणि कोणते केले आहे हे सांगितलेच पाहिजे. दुसरी चूक म्हणजे केवळ सरासरी देणे. समजा, १०० विनंत्यांपैकी ९५ विनंत्यांना ०.२ सेकंदांत आणि ५ विनंत्यांना ६ सेकंदांत उत्तर मिळाले. सरासरी ०.४९ सेकंद येते, पण हा अनुभव एकाही वापरकर्त्याला आलेला नसतो. अशा वेळी मध्यक द्यावा आणि सर्वांत संथ भागाचा आकडा वेगळा सांगावा. तिसरी चूक म्हणजे एकूण संख्या न देता टक्केवारी देणे: ‘७५ टक्के सहकाऱ्यांना ही पद्धत सोयीची वाटली’ या वाक्यामागे चार सहकारी असतील, तर ‘चारपैकी तिघांना’ असेच लिहावे.

एआय साधनाची मदत घेतली असेल, तर कोठे आणि किती हे संपादकांना सांगावे. संशोधनपर प्रकाशनाच्या नीतीसंबंधी काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने २०२३ मध्ये स्पष्ट केले की अशा साधनाला लेखक म्हणून नोंदवता येत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. व्यावसायिक नियतकालिकांतही हीच भूमिका धरून चालणे सुरक्षित आहे. साधनाने दिलेला प्रत्येक आकडा आणि संदर्भ मूळ ठिकाणी जाऊन पडताळावा.

तपासणी: मसुदा दोन दिवस बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचावा. त्यानंतर तो दुसऱ्या टप्प्यात ठरवलेल्या वाचकासारख्या एका व्यक्तीला द्यावा आणि ‘कसा वाटला?’ असे न विचारता ‘हे वाचून उद्या काय कराल?’ असे विचारावे. तिचे उत्तर आपल्या वाक्याशी जुळले नाही, तर भाषा सुधारून उपयोग नाही. रचना सुधारावी लागेल.

## ५. शीर्षक आणि सारांश

शीर्षक आता ठरवावे. त्यात काम आणि अट ही दोन्ही दिसावीत. ‘बॅकअपचे महत्त्व’ हे शीर्षक काहीच सांगत नाही. ‘बॅकअपमधून माहिती परत आणण्याची चाचणी: चालू काम न थांबवता एका दिवसात’ हे सांगते. महत्त्वाचे शब्द आरंभी ठेवावेत, कारण यादीत लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो. लेख देत नसलेले वचन शीर्षकात देऊ नये.

सारांश दोन-तीन वाक्यांचा असावा आणि तो लेखाची जाहिरात नसावा. ‘या लेखात आपण अमुक पाहणार आहोत’ असे न लिहिता जे पाहायचे आहे तेच थोडक्यात लिहावे. निवडक लेखांची ओळख करून देताना संपादक अनेकदा हीच वाक्ये उचलतात, म्हणून ती लेखाविना स्वतंत्रपणे समजली पाहिजेत.

## ६. आकृत्या आणि चित्रे

जे वाक्यात सांगता येते त्यासाठी आकृती काढू नये. पडद्याचे चित्र पीएनजी प्रकारात साठवावे. जेपीईजीमध्ये अक्षरांच्या कडा धूसर होतात. छपाईसाठी सामान्यतः दर इंचाला ३०० बिंदू धरले जातात, म्हणजे १० सेंटीमीटर रुंदीच्या चित्रासाठी सुमारे १,२०० पिक्सेल रुंदी लागते. लहान चित्र ताणून मोठे केल्याने ही गरज भागत नाही.

आलेखातील रेषा केवळ लाल आणि हिरव्या रंगाने वेगळ्या करू नयेत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के व्यक्तींना हे रंग वेगळे ओळखण्यात अडचण येते. शिवाय अनेक जण कृष्णधवल प्रतच वाचतात. एक रेषा तुटक, दुसरी सलग असावी आणि नाव रेषेशेजारीच लिहावे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा निकष डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सामान्य आकाराच्या मजकुरासाठी दिला आहे, ते तपासणारी साधने सहज मिळतात. प्रत्येक चित्रासोबत ते न पाहू शकणाऱ्या वाचकासाठी एका वाक्याचे वर्णन द्यावे.

सावधान: दुसऱ्याचे चित्र वापरताना ‘साभार’ लिहिणे म्हणजे परवानगी नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर वापरायला खुले केलेले, चित्र असल्यास परवान्याचा प्रकार पाहावा. ‘एनसी’ असलेले चित्र व्यापारी उपयोगासाठी चालत नाही आणि ‘एनडी’ असलेल्या चित्रात फेरफार करून ते प्रसिद्ध करता येत नाही. चित्राचे नाव, कर्ता, मूळ ठिकाण आणि परवाना या चारही गोष्टी लिहाव्यात.

## ७. लेख पाठवणे

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांतच, असावा. जुन्या, युनिकोडेतर फॉन्टमध्ये टाइप केलेला लेख दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसू शकतो आणि रूपांतर केल्यावर ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ अशा शब्दांतील ऱ्य बिघडतो. रूपांतर केले असल्यास हे शब्द शोधून एकेक तपासावेत. फाइलच्या नावात लेखकाचे आडनाव, विषयाचा एक शब्द आणि तारीख असावी. ‘अंतिम नवा २’ या नावाच्या फाइलींनी संपादकांचे किती तास खाल्ले असतील, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

सोबतचे पत्र पाच-सहा वाक्यांचे असावे. त्यात लेखाचा प्रश्न, वाचक, पुराव्याचा प्रकार, आधीच्या लेखांपेक्षा असलेले वेगळेपण, परवानग्यांची स्थिती आणि लेख अन्यत्र प्रसिद्ध झाला आहे की नाही, हे यावे. स्वतःची पदे आणि पुरस्कार यांची यादी देऊ नये. या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव किती, एवढे एक वाक्य पुरते.

एकाच वेळी दोन ठिकाणी लेख पाठवू नये, जोपर्यंत दोन्ही संपादकांनी ते स्पष्टपणे मान्य केलेले नाही. दोघांनीही त्यावर वेळ खर्च केल्यानंतर एकाकडून तो मागे घेतला, तर त्या ठिकाणी पुढच्या लेखाचे दार बहुधा बंद होते. उत्तरासाठी दिलेली मुदत उलटल्यानंतर एकदाच, सौम्य शब्दांत विचारणा करावी. मुदत दिलेली नसल्यास तीन-चार आठवडे थांबावे.

तपासणी: पाठवण्यापूर्वी फाइल दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहावी. चित्रे दिसतात का, दुवे उघडतात का, मागील फेरफारांच्या खुणा आणि समासातील टिपा शिल्लक नाहीत ना, हे पाहावे. संस्थेतील वरिष्ठांविषयीचे शेरे समासात तसेच राहिलेला लेख माझ्याकडे एकदा आला होता.

## ८. संपादकांच्या सूचना आणि प्रसिद्धीनंतरचे दिवस

सूचना आल्या म्हणजे लेख अजून विचारात आहे. प्रत्येक सूचनेला क्रमांक देऊन त्यापुढे ‘केले’, ‘वेगळ्या प्रकारे केले’ किंवा ‘केले नाही’ असे आणि त्याचे कारण लिहावे. मान्य नसलेली सूचना गुपचूप वगळू नये; तथ्यावर परिणाम होत असेल तर कारणासह नकार द्यावा, शैलीचा प्रश्न असेल तर बहुतेक वेळा मान्य करून मोकळे व्हावे. न सांगितलेले नवे प्रकरण या वेळी घुसडू नये, कारण मग सर्व लेख पुन्हा तपासावा लागतो.

निवडक लेखांची निवड अनेक ठिकाणी प्रसिद्धीनंतर काही दिवसांनी होते आणि वाचकांचा प्रतिसाद त्या वेळी पाहिला जातो. म्हणून लेख प्रसिद्ध होण्याच्या आठवड्यात प्रवास किंवा मोठे काम शक्यतो ठेवू नये आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. ओळखीच्या सर्वांना एकच निरोप पाठवून कौतुक मागवल्याचे संपादकांना कळते आणि त्याचा उलटा परिणाम होतो. त्याऐवजी ज्यांना हा प्रश्न खरोखर पडलेला आहे अशा चार-पाच जणांना, त्यांच्या अडचणीचा उल्लेख करून, स्वतंत्रपणे कळवावे. ज्या सहकाऱ्यांचे काम लेखात आले आहे, त्यांना तो प्रसिद्धीपूर्वीच दाखवलेला असावा.

चूक निदर्शनास आल्यास त्याच दिवशी संपादकांना कळवावे आणि जुना आकडा, नवा आकडा, दुरुस्तीची तारीख आणि निष्कर्षावर होणारा परिणाम या चार गोष्टी एकत्र द्याव्यात. निष्कर्ष बदलत नसेल तर तसे म्हणावे. बदलत असेल तर दुरुस्तीची नोंद लेखाच्या शेवटी न ठेवता आरंभी ठेवण्याची विनंती स्वतःहून करावी.